अतिशीत आकाशातील जीवाणू

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे तालुक्याचे गाव रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. नांदेडकडून येणारा लोहमार्ग येथून पुढे निजामाबाद व हैदराबादकडे जातो आणि आदिलाबादचा फाटाही येथेच फुटतो. गावाभोवती काळ्या कसदार जमिनीची शेते पसरलेली आहेत. वैशाखात येथील पारा चाळीस अंशांच्याही वर चढतो आणि तापलेली ढेकळे अनवाणी पायांना चटके देतात. पौषातील पहाटे शेकोटीभोवती माणसे गोळा होतात खरी. परंतु पाणी गोठावे एवढी थंडी या भागात पडत नाही.

असे असले तरी भयंकर थंडीचा एक प्रदेश मुदखेडपासून फार दूर नाही. तो गावाच्या अगदी माथ्यावरच आहे. मुदखेडहून नांदेड वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. तेवढी वाट सरळ आकाशात चढून जाता आली असती, तर वाटेतच, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर, हवेचे तापमान शून्याखाली ८० अंशांच्या आसपास आढळले असते. तेथून पुढे वातावरणाचा स्थितांबर नावाचा थर लागतो. या थरात वर जावे तसतशी थंडी थोडी कमी होत जाते. तरीही ४० किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखालीच असते. तेथे हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या तीनशेव्या भागाहूनही कमी असतो. पाण्याचा अंश जवळजवळ नसतोच. आपले रक्षण करणारा ओझोन वायूचा थर बहुतांशी खाली राहिलेला असतो. त्यामुळे सूर्याचे घातक जंबुपार किरण तेथे फारसा अडथळा न होता येऊन पोचतात.

अशा ठिकाणी पक्षी नाहीत, कीटक नाहीत. मग जीवसृष्टीतील सर्वांत लहान प्राणिमात्र, म्हणजे जीवाणू, तेथे असतील काय? आणि असलेच, तर ते आपल्या ओळखीचे असतील की अगदी नवे? या प्रश्नांचा शोध भारतातील शास्त्रज्ञांनी घेतला. त्याची हकीकत जशी मनोरंजक आहे, तशीच ती नीट विचार कसा करावा हे शिकविणारीही आहे.

या प्रयोगाचे प्रमुख होते थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५). त्यांचा जन्म कोल्हापूरचा. इंग्लंडमधील केंब्रिज येथे फ्रेड हॉइल या विख्यात शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि पुढे पुण्यात 'आयुका' ही संस्था उभारली. हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांनी एक धाडसी कल्पना मांडली होती. जीवनाची बीजे अंतराळात असावीत, ती धूमकेतूंबरोबर प्रवास करीत असावीत आणि पृथ्वीवर त्यांचा वर्षाव होत असावा, अशी ती कल्पना होती. अनेक शास्त्रज्ञांना ती पटली नाही. परंतु एखादी कल्पना आवडली म्हणून ती खरी ठरत नाही, तशीच आवडली नाही म्हणून ती खोटीही ठरत नाही. तिची परीक्षा करावी लागते. वरून काही येत असेल, तर ते उंच आकाशातील हवेत सापडले पाहिजे. म्हणून तेथली हवा आणून तपासावी, असे ठरले.

पहिला प्रयोग २००१ साली झाला. त्या हवेत जीवाणू सापडलेही. तथापि ते जमिनीवरूनच नमुन्यात शिरले नसतील कशावरून, ही शंका उरली. म्हणून अधिक दक्षता घेऊन २००५ च्या एप्रिल महिन्यात हा प्रयोग पुन्हा करण्यात आला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे 'इस्रो'ने, तो हाती घेतला. हैदराबाद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, प्रचंड फुगे आकाशात सोडण्याचे केंद्र आहे. तेथून हा फुगा सोडण्यात आला.

हा फुगा जत्रेत मिळणाऱ्या फुग्यासारखा नव्हता. पूर्ण फुगल्यावर त्यात सुमारे साडेसात लाख घनमीटर वायू मावत असे. पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याचा हा फुगा जमिनीवरून निघताना लांब पिशवीसारखा लोंबत असतो. वर हवेचा दाब कमी होत जातो, तसतसा आतील वायू पसरतो आणि फुगा गोल होत जातो. त्याच्याखाली ४५९ किलोग्रॅम वजनाचे उपकरण टांगलेले होते. ४१ किलोमीटर उंचीपर्यंत तो चढला. मुदखेडहून नांदेडला जाऊन परत येण्याला जवळजवळ तेवढीच वाट तुडवावी लागते. एवढी ती उंची!

उपकरणात स्टेनलेस स्टीलच्या १६ नळ्या होत्या. त्या आधी पूर्णपणे निर्जंतुक केलेल्या होत्या आणि त्यांतील सर्व हवा काढून घेतलेली होती. या नळ्या ३८ किलोग्रॅम द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. निऑन द्रवरूपात असतो, तेव्हा त्याचे तापमान शून्याखाली सुमारे २४६ अंश असते. इतक्या थंडीचे येथे काय काम होते? उन्हाळ्यात थंड पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून दव साचते, हे सर्वांनी पाहिले आहे. हवेतील वाफ तांब्याच्या गार पृष्ठभागावर येऊन तिचे पाणी होते. त्या नळ्यांमध्ये याच्याही पुढची क्रिया घडली. वरील विरळ हवा नळीत शिरताच तिच्या भिंतींवर चक्क गोठून बसली. त्यामुळे आतील जागा पुन्हा रिकामी झाली आणि बाहेरची आणखी हवा आत ओढली गेली. अशा रीतीने ती पोलादी नळी थंडीच्या जोरावर पंपाचे काम करीत राहिली. २० ते ४१ किलोमीटर यांच्या दरम्यान वेगवेगळ्या उंचींवर एकेक नळी उघडून पुन्हा घट्ट बंद करण्यात आली. काम संपल्यावर सर्व नळ्या हवाई छत्रीच्या साहाय्याने सुखरूप खाली उतरल्या.

त्यांची तपासणी दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे करावी, असा निर्णय आधीच झाला होता. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजे 'सीसीएमबी', ही एक प्रयोगशाळा होती. तेथील काम डॉ. एस. शिवाजी यांच्याकडे होते. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र ही दुसरी प्रयोगशाळा होती. तेथे डॉ. योगेश शौचे काम पाहत होते. दोन्ही ठिकाणी कामाची पद्धत एकच ठेवलेली होती. एकाच्या हातून चूक झाली, तर दुसऱ्याच्या निष्कर्षावरून ती उघडकीस यावी, हा त्यातील हेतू होता.

शिवाजी यांना अतिशीत प्रदेशांतील जीवाणूंचा चांगला अनुभव होता. पृथ्वीच्या दक्षिण टोकाशी अंटार्क्टिका खंड आहे. तेथे श्रिमाखर ओॲसिस या बर्फमुक्त, खडकाळ टापूत भारताचे 'मैत्री' हे संशोधन केंद्र आहे. त्या टापूतील मातीतून मिळालेल्या एका नव्या जीवाणूचे वर्णन शिवाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले होते. अंटार्क्टिकावरूनच त्याला 'स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकम' असे नाव मिळाले.

एवढ्या थंडीत जीवाणू तग कसा धरतात, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातील एक साधे उदाहरण पुरेसे आहे. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजून घट्ट होते; करडईचे तेल मात्र पातळच राहते. दोन्ही तेलेच, परंतु त्यांतील स्निग्ध द्रव्यांची घडण निराळी आहे. प्रत्येक जीवाणूभोवती स्निग्ध द्रव्यांचे एक पातळ आवरण असते. त्यातून अन्न आत येते व निरुपयोगी द्रव्ये बाहेर जातात. हे आवरण थिजले की जीवनव्यापार थांबलाच. थंडीत राहणारे जीवाणू आपल्या आवरणात करडईच्या तेलासारख्या, न थिजणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण वाढवितात. काही जीवाणूंची तऱ्हा याहून वेगळी असते. ते प्रतिकूल काळ आला की स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करतात आणि बीजासारखे निद्रिस्त होऊन पडून राहतात. त्यांना बीजाणू म्हणतात. अनुकूल परिस्थिती लाभली की बीजाणूतून जीवाणू पुन्हा जागा होतो.

आता आकाशातून आलेल्या नमुन्यांकडे वळू. जीवाणू एकेकटा पाहून ओळखता येत नाही. त्याची पैदास करावी लागते. त्यासाठी काचेच्या बशीत आगर आणि पोषक द्रव्ये यांचा थर देतात. आगर म्हणजे समुद्रशैवालापासून मिळणारा, ज्याला बाजारात चायना ग्रास म्हणतात, तोच पदार्थ. त्यावर नमुना पसरला की एकेका जीवाणूपासून लक्षावधी जीवाणू निर्माण होतात आणि डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो. या ठिपक्याला वसाहत असे म्हणतात. एका वसाहतीतील सर्व जीवाणू एकाच पूर्वजाची संतती असतात. अशा कामात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. नमुना न घातलेली एक बशी तशीच बाजूला ठेवतात. तिच्यातही जर काही उगवले, तर जंतू प्रयोगशाळेतूनच आले, हे उघड होते.

नमुन्यांतून जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. मिळालेले जीवाणू नवे की जुने, हे ठरविणे हा पुढचा आणि सर्वांत अवघड भाग होता. कारण 'हा नवा आहे' असे म्हणायचे, तर 'जुने सर्व मला ठाऊक आहेत आणि हा त्यांपैकी नाही' हे दाखवावे लागते. ज्यांना रीतसर नावे मिळालेली आहेत अशा जीवाणूंच्या जातींची संख्या आज वीस हजारांहून अधिक आहे. शाळेत नवा विद्यार्थी आला की गुरुजी हजेरीपुस्तक पाहतात. येथे मात्र साऱ्या जगाचे हजेरीपुस्तक पाहावे लागते.

चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय येथे फारशी नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर बहुतेक जीवाणू काडीसारखे किंवा मण्यासारखे दिसतात. म्हणून त्यांच्या सवयी तपासतात. किती तापमानात ते वाढतात, किती मीठ सोसतात, कोणती साखर खातात, त्यांच्या आवरणात कोणती स्निग्ध द्रव्ये आहेत, अशा अनेक गोष्टींची नोंद करतात. त्यानंतर त्यांचे आनुवंशिक लेखन वाचतात. प्रत्येक जीवाच्या पेशीत डीएनए नावाचे द्रव्य असते. चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला तो जणू एक लांबलचक ग्रंथ आहे. त्या ग्रंथातील सुमारे दीड हजार अक्षरांचे एक प्रकरण असे आहे, की ते सर्व जीवाणूंत सापडते आणि काळाच्या ओघात अत्यंत सावकाश बदलते. नव्या जीवाणूचे हे प्रकरण वाचून ते आधी माहीत असलेल्या जीवाणूंच्या प्रकरणांशी अक्षर-अक्षर ताडून पाहतात. जितका फरक अधिक, तितके नाते दूरचे.

जवळच्या नात्यातील दोन जीवाणूंच्या बाबतीत मात्र एवढ्याने निर्णय होत नाही. त्यासाठी संपूर्ण डीएनएची तुलना करावी लागते. डीएनएचे दोन पदर दप्तराच्या चेनसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. उष्णता दिली की ते सुटतात आणि निवाल्यावर पुन्हा जुळतात. एका जीवाणूचा पदर दुसऱ्याच्या पदराशी कितपत जुळतो, हे मोजता येते. ही जुळणी शेकडा ७० पेक्षा कमी भरली, तर त्या दोन जाती भिन्न मानाव्यात, असा संकेत आहे. अलीकडे संपूर्ण ग्रंथच वाचून तुलना करण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

या साऱ्या परीक्षा करण्यास वेळ लागला. फुगा उडाला २००५ साली आणि निष्कर्ष जाहीर झाले २००९ साली. बारा जीवाणूंपैकी नऊ पृथ्वीवरील परिचित जातींशी शेकडा ९८ हून अधिक जुळले. उरलेले तीन मात्र कोणत्याही ज्ञात जातीत बसेनात. ते नवे ठरले. जंबुपार किरणांचा मारा सहन करण्याची त्यांची शक्ती त्यांच्या जवळच्या आप्तांपेक्षा बरीच अधिक आहे, असेही दिसून आले.

तोवर या तिघांना प्रयोगशाळेतील क्रमांकांनीच ओळखले जात होते. आता त्यांचे नामकरण झाले. जीवाणूच्या नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू घराण्याचा. दुसरा त्या जातीचा स्वतःचा. पहिल्याला 'जॅनिबॅक्टर हॉइली' असे नाव मिळाले. हॉइल यांचे स्मरण त्यात आहे. जॅनिबॅक्टर हे घराण्याचे नाव दोन तोंडांच्या जेनस या रोमन देवावरून पडलेले आहे. कारण या घराण्यातील जीवाणू कधी काडीसारखे, तर कधी मण्यासारखे दिसतात. दुसऱ्याला इस्रोच्या सन्मानार्थ 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' हे नाव दिले आणि तिसऱ्याला प्राचीन भारतातील थोर ज्योतिर्विद आर्यभट यांच्यावरून 'बॅसिलस आर्यभट्टाय' हे नाव दिले. नाव ठेवून मोकळे होता येत नाही. नव्या जातीचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील जीवाणुसंग्रहांत जमा करावा लागतो. जगातील कोणालाही तो मागवून घेऊन निष्कर्ष पडताळून पाहता यावा, यासाठी हा नियम आहे.

मग हे तीन जीवाणू अंतराळातून आले होते काय? अनेकांना तसे वाटले असल्यास नवल नाही. परंतु ज्यांनी ते शोधले, त्या शास्त्रज्ञांनी तसे विधान केले नाही. जीवाणू उंच आकाशातच सापडले, अशी खात्री वाटण्याजोगी दक्षता घेतलेली होती. मात्र ते पृथ्वीबाहेरून आले हे या प्रयोगाने निश्चितपणे सिद्ध होत नाही, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. हॉइल हे नारळीकरांचे गुरू होते. गुरूची कल्पना खरी ठरली, असे जाहीर करण्याचा मोह कोणालाही झाला असता. पुरावा जेथपर्यंत नेतो तेथपर्यंतच जावयाचे, ही शिस्त त्यांनी मोडली नाही.

ही शिस्त किती योग्य होती, हे पुढे दिसून आले. आकाशात प्रथम ओळख पटलेला आर्यभट्टाय नंतर अनेक ठिकाणच्या साध्या मातीतही आढळला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मध्य भारतातील काळ्या जमिनीत, पिकांच्या मुळांशी तो कामात गढलेला दिसतो. काळ्या जमिनीत जस्त पुष्कळदा असते. पण ते अशा रूपात जखडलेले असते की पिकांना घेता येत नाही. हा जीवाणू ते विरघळण्याजोगे करतो आणि सोयाबीन व गहू यांच्या मुळांना पुरवितो. मराठवाड्यातील शेतकरी ज्या काळ्या मातीत सोयाबीन पेरतात, तीही याच प्रकारची माती आहे. इस्रोनेन्सिसची अधिक तपासणी झाल्यावर २०१६ साली त्याला बॅसिलस घराण्यातून काढून 'सॉलिबॅसिलस' या घराण्यात घालण्यात आले. त्या नावाचा अर्थच 'मातीतील बॅसिलस' असा आहे! २०२० साली आर्यभट्टायचेही घराणे बदलले आणि तो 'प्रीस्टिया' या प्रजातीत गेला.

यावरून असे दिसते की, एखादा जीव नवा आहे याचा अर्थ तो जगाला नवा आहे असा नव्हे. तो माणसाच्या ज्ञानाला नवा असतो. हे जीवाणू वाऱ्यावादळांबरोबर जमिनीवरून वर गेले असतील, की त्यांच्या वाटा आणखी काही असतील, हा प्रश्न अजून खुला आहे. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी आकाश तर पाहिले पाहिजेच, पण पायांखालची मातीही तितक्याच बारकाईने पाहिली पाहिजे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू नांदत असतात आणि त्यांपैकी फारच थोड्यांना आजवर नावे मिळाली आहेत. जगाच्या हजेरीपुस्तकाची बरीच पाने अजून कोरी आहेत. ती भरण्याचे काम आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींची वाट पाहत आहे.

अभ्यास

१. ४० किलोमीटर उंचीवर जिवंत राहणे कठीण का आहे? कोणतीही तीन कारणे लिहा.
२. पोलादी नळ्यांनी पंपाचे काम कसे केले, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. नमुन्यांची तपासणी दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे का करण्यात आली?
४. 'नवा जीव जगाला नवा नसतो. तो माणसाच्या ज्ञानाला नवा असतो.' हे आर्यभट्टायच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
५. खोबरेल तेल आणि करडईचे तेल हिवाळ्याच्या पहाटे शेजारी ठेवून पाहा व काय दिसते ते वहीत नोंदवा.